मोडलेल्या किल्ल्याचे किल्लेदार

स्कॉटलंडमधला एक किल्ला महाराष्ट्रातल्या घराघरांत पाहिला गेला आहे, पण त्याचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. १९९८ साली ‘कुछ कुछ होता है’ हा हिंदी चित्रपट आला. त्याच्या शीर्षकगीतात पाण्याच्या कडेला उभा असलेला एक करड्या दगडाचा किल्ला दिसतो. मागे उघडेबोडके डोंगर, वर ढगांनी भरलेले आभाळ, आणि किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत गेलेला कमानींचा दगडी पूल. हा देखावा कोणा नेपथ्यकाराने लाकूड-कापडातून उभा केलेला नव्हे. किल्ला खरोखरीचा आहे. त्याचे नाव आयलन डोनन.

तो पाहताच कोणालाही वाटते की हा सहासातशे वर्षे असाच उभा असणार. तटावरचे पहारेकरी तेवढे काळाच्या ओघात उतरून गेले असतील. खरी हकीकत निराळी आहे. आज दिसतो तो किल्ला १९३२ साली पुरा झाला. त्याआधी दोनशे वर्षे त्या जागी पडक्या भिंती होत्या आणि त्यांवर गवत माजले होते. आणि ज्या पुलावाचून त्या किल्ल्याचे चित्रच पुरे होत नाही, तो पूल तर जुन्या किल्ल्याला कधी नव्हताच! मग या किल्ल्याला खरा म्हणावे की खोटा? मी शाळेत इतिहास शिकवतो आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे खरे आणि रचलेले यांच्या सीमेवरचे असले प्रश्न मला गप्प बसू देत नाहीत. पण निवाडा करण्याआधी साक्षीपुरावा ऐकावा, हे बरे.

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर समुद्राने डोंगरांत खोलवर हात घातले आहेत. या खाड्यांना तिकडे ‘लॉख’ म्हणतात. डुइख, लाँग आणि आल्श अशा तीन खाड्या जिथे मिळतात, तिथे डॉर्नी नावाच्या खेड्यासमोर एक लहानसे खडकाळ बेट आहे. ओहोटीला त्याच्याकडे पायी जाता येई. भरतीला होडी लागे. गेलिक भाषेत ‘आयलन’ म्हणजे बेट. डोनन हा सातव्या शतकातला एक ख्रिस्ती साधू. इसवी सन ६१७ मध्ये तो एग नावाच्या बेटावर मारला गेला, असे सांगतात. त्याच्या नावावरून हे डोननचे बेट. नाव साधूचे, पण पुढे त्या बेटावर जपजाप्य कमी आणि झटापटी अधिक झाल्या.

कारण उघड आहे. त्या डोंगराळ मुलखात रस्ते नव्हते. समुद्र हाच हमरस्ता. शेजारच्या स्काय बेटापासून दूरवरच्या बेटांपर्यंत नॉर्वेच्या राजाचा अंमल चाले. तेव्हा तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, दुसऱ्या अलेक्झांडर राजाच्या काळात, या नाक्यावर पहिला भक्कम तट उठला. त्याने बेटाचा बहुतेक भाग कवेत घेतला होता. १२६६ साली तह होऊन नॉर्वेने बेटांवरचा हक्क सोडला आणि एक शत्रू गेला. मागे राहिले ते आपसांत लढणारे शेजारी.

चौदाव्या शतकात बेटाच्या सर्वांत उंच भागावर चौकोनी बालेकिल्ला चढला. भिंती अशा की दोन माणसे डोक्याला डोके लावून भिंतीच्या जाडीत आडवी झोपावीत. मौज अशी की त्या शतकाच्या अखेरीस किल्ला वाढण्याऐवजी आकसला. बाहेरचा विस्तीर्ण तट सोडून देण्यात आला आणि मूळ क्षेत्राच्या जेमतेम पाचव्या हिश्शाभोवती नवा तट घातला गेला. मोठा तट राखायचा म्हणजे माणसे अधिक लागतात, आणि डोंगरातल्या नायकाजवळ माणसेच थोडी. कारण बहुधा हेच असावे. पुढे सोळाव्या शतकात तोफांचा जमाना आला, तेव्हा पूर्वेच्या अंगाला तोफा ठेवण्यासाठी एक पुढे आलेला कोट जोडला गेला. म्हणजे जुना आयलन डोनन हीसुद्धा काही एका रात्रीत घडलेली वास्तू नव्हे. दर शतकाने आपापल्या भीतीच्या मापाने त्याला कापले किंवा वाढवले.

त्या काळचा न्यायही त्याच भिंतींवर टांगला जाई. १३३१ साली राजाच्या वतीने कारभार पाहणारा रँडॉल्फ हा सरदार इकडे येणार अशी वर्दी आली, तेव्हा त्याच्या स्वागतासाठी पन्नास गुन्हेगारांची मुंडकी तटावर लावून ठेवली होती, आणि ती आरास पाहून पाहुणे संतुष्ट झाले, अशी नोंद इतिहास करतो!

आता माणसांकडे वळू. स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखात ‘क्लॅन’ म्हणजे कुळी. मूळ गेलिक शब्दाचा अर्थ ‘लेकरे’. कुळीचा नायक हा जमिनीचा धनी, लढाईतला सेनापती आणि भांडणातला न्यायाधीश. बाकीचे सारे, रक्ताचे असोत वा नसोत, त्याची लेकरे. आयलन डोनन ज्या किंटेल मुलखात आहे, तो मॅकेन्झी कुळीचा. आयर्लंडहून आलेल्या कोणा कॉलिन फिट्झजेराल्डला राजाने हा किल्ला बक्षीस दिला आणि त्याच्यापासून मॅकेन्झी झाले, अशी कथा पुष्कळ दिवस सांगितली गेली. आता अभ्यासक ती मानीत नाहीत. मोठ्या घराण्यांना मोठे मूळपुरुष लागतात, हे सगळीकडे सारखेच.

पण या कथेचे नायक मॅकेन्झी नव्हेत. त्यांचे किल्लेदार मॅक्रे आहेत. १५११ साली आयलन डोननची किल्लेदारी मॅक्रे घराण्याकडे आली. मॅक्रे संख्येने थोडे, जमीनजुमल्याने त्याहून थोडे, पण मॅकेन्झींच्या पाठीशी असे उभे राहत की लोक त्यांना ‘मॅकेन्झींचे चिलखत’ म्हणू लागले. १५३९ साली स्लीटचा डोनल्ड गॉर्म मॅकडोनल्ड पन्नास वल्ह्यांच्या नावा घेऊन किल्ल्यावर चालून आला. आत मोजकीच माणसे. किल्लेदारीचे काम त्या दिवशी पाहणारा मॅथिसन पडला. तेव्हा डंकन मॅक्रे नावाच्या तरुणाने भात्यातला शेवटचा बाण डोनल्डवर सोडला. बाण पायात रुतला. संतापाच्या भरात डोनल्डने तो ओढून काढला, उलट्या दात्यांनी रक्तवाहिनी तुटली, आणि रक्त थांबेना. नायक मेल्यावर नावा परत फिरल्या. या कथेत आख्यायिकेचे रंग किती मिसळले असतील ते असोत. पुढे चारशे वर्षे मॅक्रे घरांत ती शेगडीभोवती सांगितली गेली, हे तरी खरे.

मग आले १७१९ साल. पदच्युत स्ट्यूअर्ट राजघराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी जॅकोबाइट पक्षाची खटपट चालू होती, आणि या खेपेला स्पेनने हात दिला. मोठे आरमार इंग्लंडवर जायचे आणि लहान तुकडीने स्कॉटलंडमध्ये उठाव करायचा, असा बेत. मोठे आरमार वादळात उधळले. लहान तुकडी मात्र, सुमारे तीनशे स्पॅनिश शिपाई, ठरल्याप्रमाणे येऊन पोचली! मॅकेन्झींचा नायक, सीफर्थचा अर्ल विल्यम, त्यांच्याबरोबर होता. त्यांनी दारूगोळ्याचे कोठार केले ते आयलन डोननमध्ये, आणि राखणीला चाळीसेक स्पॅनिश ठेवले.

१० मे रोजी इंग्लंडच्या तीन युद्धनौका खाडीत शिरल्या : वूस्टर, एंटरप्राइज आणि फ्लँबरो. तहाचे निशाण लावून एक होडी पाठवली, तिच्यावर किल्ल्यातून गोळीबार झाला. मग तोफा सुटल्या. त्या जाड भिंतींनी पुष्कळ मार सोसला. संध्याकाळी खलाशी होड्यांतून उतरले आणि फारशा प्रतिकारावाचून किल्ला हाती आला. आत दारूची ३४३ पिंपे आणि गोळ्यांची ५२ पिंपे सापडली. त्यातली २७ पिंपे किल्ल्याच्याच पोटात ठेवून त्यांनी बत्ती दिली. पाच शतकांचे बांधकाम त्याने उद्ध्वस्त झाले. महिन्याभराने ग्लेन शील खिंडीतल्या लढाईत उठावही मोडला. जिथे स्पॅनिश शिपायांनी शेवटचा तग धरला, त्या शिखराला गेलिक लोक अजून ‘स्पॅनिशांचे शिखर’ म्हणतात.

नायक परदेशी पळाला. सरकारने जहागीर जप्त केली. आणि इथे या लोकांचा स्वभाव दिसतो. किंटेलची रयत सरकारी अंमलदारांना खंड देईना. डोनल्ड मर्चिसन नावाच्या कारभाऱ्याने तो गोळा करावा आणि समुद्रापार नायकाकडे पोचवावा, असे चालले. १७२१ साली वसुलीला आलेल्या सरकारी तुकड्यांना त्यांनी बंदुकीच्या धाकाने परत लावले. किल्ला नव्हता, नायक नव्हता, तरी चिलखत अंगावर होतेच.

पुढे मात्र नायकांनीच काळाप्रमाणे कूस बदलली. सरकारशी समेट झाला आणि सीफर्थचे वंशज आपल्या मुलखातली पोरे सरकारच्या फौजेत भरू लागले. १७७८ साली अशी एक पलटण उभी राहिली. तिच्यात मॅक्रे इतके होते की एडिंबरोत तिला रानटी मॅक्रेंची पलटण म्हणत. आपल्याला ईस्ट इंडिया कंपनीला विकले आहे अशी वदंता उठली, पगारही थकला होता. तेव्हा या शिपायांनी बंड करून शहराजवळच्या टेकडीवर मुक्काम ठोकला. माफी आणि थकलेला पगार मिळाल्यावरच ते खाली उतरले. आणि तरी १७८१ साली त्यांना हिंदुस्थानच्या जहाजात बसावेच लागले! त्यांचा अर्ल सेंट हेलेनाजवळ वाटेतच वारला. २ एप्रिल १७८२ रोजी जहाजे मद्रासला लागली, तोपर्यंत २४७ शिपाई रक्तपितीने दगावले होते, आणि उरलेल्यांपैकी हत्यार धरण्याजोगे ३६९ होते.

आता या कथेचा एक धागा थेट आपल्या किनाऱ्याला येऊन लागतो. अर्लने कर्जापायी आपली जहागीर थॉमस मॅकेन्झी हंबरस्टन या भाऊबंदाला विकली होती. अर्ल वारल्यावर कुळीचे नायकपणही त्याच्याकडेच आले. हा तरुण कर्नल मलबारात हैदर अलीशी लढला होता. १७८३ च्या एप्रिलमध्ये तो मुंबईहून ‘रेंजर’ जहाजाने दक्षिणेकडे परतत असता पेशव्यांच्या आरमाराशी गाठ पडली. सरदार होते आनंदराव धुळप. घनघोर झुंज होऊन रेंजर पाडाव झाले. जखमी हंबरस्टनला विजयदुर्गास आणले, आणि तिथे ३० एप्रिलला त्याने प्राण सोडला. आयलन डोननच्या पडक्या भिंतींचा धनी अशा रीतीने विजयदुर्गाच्या सावलीत वारला. दोन्ही किल्ले खाडीच्या मुखाशी, दोन्हींचा जीव समुद्रावर.

त्याचा भाऊ फ्रान्सिस हा लहानपणच्या आजाराने बहिरा झालेला. त्याने १७९३ साली दुसरी पलटण उभारली, ती अठ्ठ्याहत्तरावी. ८ ऑगस्ट १८०३ रोजी अहमदनगरच्या तटाला शिड्या लागल्या, तिथे ती होती; आणि २३ सप्टेंबरला असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या तोफांवर चालून गेली, त्यांतही ती होती. ‘असई’ हे नाव आणि हत्तीचे चिन्ह त्या पलटणीने पुढे मानाने मिरवले. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात असईचा धडा येतो, तेव्हा समोर उभे असलेले लाल डगलेवाले कुठून आले हे आपण फारसे विचारत नाही. त्यांतले पुष्कळ अशा मुलखातून आले होते, जिथला किल्ला त्याच इंग्रज सरकारने दारूने उडवला होता. पोटाची खळगी माणसाला कोणाच्या निशाणाखाली उभे करील याचा नेम नाही.

१८१५ साली फ्रान्सिस वारला. मुलगे त्याच्या डोळ्यांदेखत गेले होते. सीफर्थचा पुरुषवंश तिथे संपला. किंटेलची जमीन हातची गेली. रयतेतले कितीतरी जण अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या जहाजांत बसले. मॅकेन्झींच्या नायकांचा राहता वाडा ब्रहान इथे होता. विसाव्या शतकाच्या मध्यावर तोही पाडला गेला.

पण किल्लेदार विसरले नव्हते. १९११ साली लेफ्टनंट कर्नल जॉन मॅक्रे-गिलस्ट्रॅप यांनी ते बेट विकत घेतले. हे मॅक्रे घराण्यातले, फौजेतले गृहस्थ. पत्नी गिलस्ट्रॅप घराण्यातली. त्या घराण्याने बार्लीच्या माल्टवर मोठी संपत्ती मिळवली होती. तिच्याबरोबर जोडआडनाव आले आणि पैसाही आला. आराखडे एडिंबरोचे वास्तुशिल्पी जॉर्ज मॅकी वॉटसन यांनी केले. कामावर देखरेख करायला होता फार्कहर मॅक्रे, त्याच कुळीतला पाथरवट. पहिले महायुद्ध मध्ये आले, माणसे गेली, काम रेंगाळले. ढिगारे उपसायचे, जुना पाया शोधायचा, त्यावर भिंत चढवायची, असे वीस वर्षे चालले. खर्च अडीच लाख पौंडांच्या घरात गेला म्हणतात. १९३२ च्या जुलैमध्ये किल्ला पुरा झाला.

आता आत चला. प्रथम तो पूल. होडीची आणि ओहोटीची वाट पाहणे विसाव्या शतकाला परवडणारे नव्हते, म्हणून तो बांधला. पूर्वीच्या किल्लेदाराने मात्र असा पूल बांधू म्हणणाऱ्याला वेड्यात काढले असते. वाट नसणे हेच तर त्या किल्ल्याचे बळ! दरवाजावर गेलिक लेख आहे. त्याचा आशय असा, की आत मॅक्रे आहे तोवर फ्रेझर बाहेर राहणार नाही. फ्रेझर ही मॅक्रेंची जुनी स्नेही कुळी. दरवाजावर शत्रूला धमकी कोरलेली पुष्कळ सापडेल. मित्राला दिलेले वचन क्वचितच आढळते.

खालच्या मजल्यावर शिपायांची खोली आहे. तिचे छत अर्धगोल कमानीचे, पिंप आडवे कापून पालथे घालावे तसे. वर मेजवानीचा दिवाणखाना. त्याच्या छताला डग्लस फर लाकडाच्या थोर तुळया आहेत. कॅनडात गेलेल्या मॅक्रेंनी त्या भेट म्हणून पाठवल्या. ज्यांच्या वाडवडिलांना पोटासाठी देश सोडावा लागला, त्यांनी नव्या देशातले वृक्ष जुन्या घराच्या आढ्याला धाडले. त्या तुळया चौदाव्या शतकातल्या नाहीत, ही गोष्ट मला तरी उणेपणाची वाटत नाही. स्वयंपाकघर १९३२ सालच्या मेजवानीच्या तयारीत असावे तसे मांडून ठेवले आहे. बाहेर तटापाशी पहिल्या महायुद्धात पडलेल्या मॅक्रेंची नावे दगडात कोरली आहेत. ज्या वर्षांत भिंती चढत होत्या, त्याच वर्षांत ही नावेही वाढत होती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एक कथा सांगतात की फार्कहर मॅक्रेला जुना किल्ला जसाच्या तसा स्वप्नात दिसला, आणि पुढे सापडलेल्या जुन्या नकाशांशी ते स्वप्न तंतोतंत जुळले. कथा गोड आहे. कादंबरीत मी ती आनंदाने घेतली असती. पण मास्तरकीची सवय आडवी येते. लुइस पेटी नावाच्या लष्करी इंजिनियरने १७१४ साली, म्हणजे स्फोटाच्या पाच वर्षे आधी, किल्ल्याची मोजणी करून चित्रे काढली होती. ती हाती आली तेव्हा नवे बांधकाम जवळजवळ संपले होते. तोपर्यंत आधार होता तो उरलेल्या पायांचा आणि एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी अंदाजाने आखलेल्या नकाशाचा. ताडून पाहणारे सांगतात, की पेटीची चित्रे आणि आजचा किल्ला यांत ठिकठिकाणी फरक आहे. आतल्या खोल्यांवर तर विसाव्या शतकाच्या आरंभीच्या श्रीमंत घरांची छाप उघड दिसते.

तेव्हा तेराव्या शतकाचा साक्षीदार म्हणून हा किल्ला उभा केला तर उलटतपासणीत टिकायचा नाही. विद्यार्थ्याने परीक्षेत तसे लिहिले तर मी गुण कापीन. मोडलेली वास्तू मोडलेलीच जपावी, तिचे पडणे हाही इतिहासच, असे म्हणणाऱ्या विद्वानांचे म्हणणे मला पटते. आयलन डोननच्या नव्या भिंतींखाली जुन्याच्या पुष्कळ खुणा कायमच्या झाकल्या गेल्या असणार.

आणि तरीही, हा किल्ला खोटा आहे असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तो १३०० सालाविषयी अर्धवट बोलतो, पण १९३२ सालाविषयी पुरते खरे बोलतो. तो सांगतो, की धन्याचा वंश संपला, जमीन गेली, माणसे साता समुद्रांपार पांगली, तरी चारशे वर्षांपूर्वी सोपवलेली राखण काही लोकांना अजून आपलीच वाटत होती. मालकाने न मागितलेला हिशेब किल्लेदाराने आपणहून चुकता केला. १९५५ पासून किल्ला सर्वांना खुला झाला, १९८३ साली तो एका विश्वस्त निधीकडे सोपवला गेला.

कोणी तिथे जाईल तेव्हा त्याने पुलावरून देखावा जरूर पाहावा. पण मग भिंतीजवळ जाऊन खाली पायथ्याकडेही पाहावे. वरचे दगड फार्कहरच्या माणसांनी बसवलेले आहेत; अगदी खालचे, स्फोटातून उरलेले, कोणा अनामिक गवंड्यांचे आहेत. वरच्यांचा भार गेली नव्वदाहून अधिक वर्षे ते खालचे दगड वाहत आहेत.